ल्युबेकची वेस वाकडी का?

प्रश्न : माझे वडील मालवाहू बोटीवर खलाशी होते. हॅम्बुर्गच्या एका फेरीत मिळालेली पश्चिम जर्मनीची पन्नास मार्कांची नोट त्यांनी जपून ठेवली होती. तिच्या मागच्या बाजूला टोकदार छपरांचे दोन जाडजूड बुरूज आणि मध्ये कमान असं चित्र आहे. परवा मुलाने दोन युरोचं एक नाणं दाखवलं, तर त्यावरही हीच इमारत! ती कुठली? आणि फोटोंमध्ये तिचे बुरूज एकमेकांकडे कललेले दिसतात. हा कॅमेऱ्याचा दोष आहे, की बुरूज खरंच वाकडे आहेत? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बुरूज खरंच वाकडे आहेत, आणि पाचशे वर्षांपासून आहेत. ही ल्युबेक या उत्तर जर्मनीतल्या शहराची पश्चिमेकडची वेस. तिचं नाव होल्स्टनटोर. हॅम्बुर्गहून ईशान्येला साठेक किलोमीटर गेलं की ल्युबेक येतं, आणि तिथून बाल्टिक समुद्र फार दूर नाही. वडिलांकडची नोट १९६०च्या दशकात निघालेल्या मालिकेतली आहे. १९९०पासून नव्या नोटा येऊ लागल्या तेव्हा ती हळूहळू मागे पडली. नाणं असेल २००६ सालचं. जर्मनीने एकेका राज्यासाठी एकेक नाणं काढायला सुरुवात केली, त्यातलं ते पहिलं, श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याचं. त्या राज्याची राजधानी कील, तरी नाण्यावर मान मिळाला ल्युबेकच्या वेशीला.

आता वाकडेपणाबद्दल. वेस बांधली गेली १४६४ ते १४७८च्या दरम्यान. शहराचा बांधकामप्रमुख हिन्रिख हेल्मश्टेडे याने ती उभारली, पण जागा मिळाली नदीकाठची, दलदलीची. भर घालून, लाकडी ओंडक्यांची जाळी अंथरून त्यावर पाया घेतला. एवढ्या विटांचं ओझं त्या जमिनीला पेललं नाही आणि काम चालू असतानाच दक्षिणेचा बुरूज खचू लागला. पुढची साडेचार शतकं तो थोडाथोडा खचतच राहिला. १९३३-३४मध्ये पाया मजबूत केला तेव्हा कुठे हे थांबलं. बुरुजांच्या तळाशी जाऊन पाहिलं तर तोफांसाठी ठेवलेल्या झरोक्यांची सर्वांत खालची रांग जमिनीच्या पातळीखाली गेलेली दिसते.

वेशीला एक चक्कर जरूर मारावी, कारण तिचे दोन चेहरे आहेत. शहराबाहेरच्या बाजूची भिंत साडेतीन मीटर जाड आहे. तिला खिडक्या नावापुरत्या, बाकी सगळे तोफांचे झरोके. शहराच्या बाजूची भिंत मीटरभरसुद्धा जाड नाही, आणि तिच्यावर खिडक्यांच्या एकावर एक रांगा. शत्रू बाहेरून येणार होता, त्यामुळे विटा तिकडे खर्च केल्या. प्रत्यक्षात त्या तोफांमधून लढाईचा एक गोळाही सुटला नाही. वेशीवर संकट आलं ते घरातूनच. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, जुन्या तटबंदीची अडगळ वाटू लागली. होल्स्टनटोरच्या पुढे आणखी एक देखणी वेस होती, ती १८५३मध्ये पाडली गेली. हिचंही तेच व्हायचं होतं. १८६३मध्ये नगरसभेत ठराव मतदानाला आला आणि अवघ्या एका मताने वेस वाचली. ते मत फिरलं असतं तर तुमच्या घरातल्या नोटेवर दुसरंच काहीतरी छापलेलं असतं.

प्रश्न : एवढी वेस बांधायला पैसा आला कुठून? तिथला राजा फार श्रीमंत होता का? (तेच वाचक)

उत्तर : राजा नव्हता, म्हणूनच पैसा शहरात राहिला. काउंट आडोल्फ दुसरा याने ११४३मध्ये ट्राव्हे आणि वाकेनिट्स या दोन नद्यांच्या मधल्या लांबट उंचवट्यावर हे शहर वसवलं. चौदा वर्षांत ते जळून गेलं. ११५९मध्ये ड्यूक हाइन्रिखने, ज्याला लोक सिंह म्हणत, ते पुन्हा उभं केलं. पण शहराचं नशीब फिरलं १२२६ साली. सम्राट फ्रेडरिक दुसरा याने ल्युबेकला मुक्त शहराचा दर्जा दिला. म्हणजे वर थेट सम्राट, मध्ये कोणी सरदार नाही की बिशप नाही. सम्राट तर दूर इटलीत. कारभार आला व्यापाऱ्यांच्या नगरमंडळाकडे. नेपोलियनच्या काळातली थोडी वर्षं सोडली तर हे स्वातंत्र्य या ना त्या रूपात १९३७पर्यंत टिकलं, आणि ते संपवलं नाझी राजवटीच्या एका कायद्याने.

हा पैसा कशाचा, ते वेशीच्या शेजारीच दिसतं. ट्राव्हेच्या काठाला खेटून विटांची सहा उंच गोदामं उभी आहेत, १५७९ ते १७४५च्या दरम्यान बांधलेली. ही मिठाची कोठारं. (एफ. डब्ल्यू. मुर्नाउच्या १९२२च्या 'नोस्फेराटू' या मूकपटात रक्तपिपासू सरदार ज्या ओसाड घरात येऊन राहतो, ते घर म्हणजे हीच कोठारं.) ल्युबेकचं मीठ समुद्राचं नव्हे. दक्षिणेला ल्युनेबुर्ग नावाचं गाव आहे, तिथे जमिनीखालून खारं पाणी निघे. ते मोठमोठ्या कढयांत आटवून पांढरंशुभ्र मीठ काढत. आधी ते बैलगाड्या-घोडागाड्यांतून येई. मग ल्युबेकने कालवा खणायचं ठरवलं, आणि १३९८मध्ये मिठाचे पहिले पडाव या स्टेक्निट्स कालव्यातून शहरात आले. एल्बे नदीकडे उतरणारं पाणी आणि बाल्टिककडे उतरणारं पाणी यांच्या मधला चढ या कालव्याने लाकडी दारांच्या साहाय्याने पार केला. पाणी अडवायचं, तुंबू द्यायचं, मग दार उघडून त्या लोंढ्यावर पडाव पुढे सोडायचे. एरवी काठावरून माणसं दोर खांद्यावर घेऊन ते ओढत. असा जलविभाजक ओलांडणारा कालवा युरोपात तोवर जवळपास कोणी केलेला नव्हता.

आणि एवढं मीठ कशाला? मासळीला. रत्नागिरीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पावसाळ्याच्या बेगमीला बांगडा खारवून ठेवणारं घर मिठाची किंमत जाणतं. तिकडचा बांगडा म्हणजे हेरिंग. दरवर्षी हिवाळ्याआधी स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कॅनोर आणि फाल्स्टरबो या किनाऱ्यांवर, त्याचे थवेच्या थवे येत. तो भाग तेव्हा डेन्मार्कच्या राजाचा. हेरिंग तेलकट मासा, दिवसभरात खराब होणारा. पकडल्या पकडल्या साफ करून मिठात घातला नाही तर सगळी मेहनत वाया. डेन्मार्ककडे मासे होते, मीठ नव्हतं. मीठ ल्युबेककडे. गिऱ्हाईक अख्खा युरोप, कारण चर्चच्या नियमाप्रमाणे शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, मासे चालत. मिठाची पिंपं उत्तरेला जायची आणि माशांची पिंपं परत यायची. लाकूड, मेण, लोकर, फर यांचा व्यापारही मोठा होता, पण पाया घातला तो या दोन पिंपांनी.

ल्युबेक मग हान्झाचं, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाचं, मुख्य शहर झालं. भरात असताना या संघात दोनशेच्या आसपास शहरं होती. लंडन, ब्रुज, बर्गेन, नोव्हगोरोद इथे त्यांच्या पेढ्या होत्या. सगळ्या शहरांची पहिली सभा भरली ती ल्युबेकमध्ये, १३५६ साली. आणि हे लोक नुसतेच हिशेबाच्या वह्या सांभाळत नव्हते. डेन्मार्कचा राजा वाल्डेमार चौथा व्यापाराच्या आड आला तेव्हा त्यांनी आरमार जमवून त्याच्याशी लढाई केली. १३७०च्या श्ट्रालझुंडच्या तहात राजाच्या राज्याने हेरिंगच्या किनाऱ्यावरचे किल्ले आणि तिथल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा पंधरा वर्षांसाठी या व्यापाऱ्यांच्या हवाली केला. ज्यांच्याकडे सिंहासन नव्हतं त्यांनी एका राजाला नमवलं, हे त्या काळात साऱ्या युरोपने पाहिलं. होल्स्टनटोरच्या बाहेरच्या अंगाला सोनेरी लॅटिन अक्षरांत लिहिलेलं आहे, 'घरात एकोपा, बाहेर शांतता'. अक्षरं एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीच्या वेळची, पण अपेक्षा जुनीच. धंद्याला दोन्ही लागतात.

हान्झाची शेवटची सभाही इथेच झाली, १६६९मध्ये. तोवर व्यापार अटलांटिककडे वळला होता आणि डच जहाजं पुढे गेली होती. आजही ल्युबेकच्या गाड्यांच्या नंबरपाटीवर 'एच. एल.' ही अक्षरं असतात, हान्झाशहर ल्युबेक.

प्रश्न : मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. ल्युबेकचे फोटो पाहिले तर चर्च, नगरभवन, घरं, सगळं लाल विटांचं. फ्रान्समधल्यासारखी दगडी चर्च इथे का नाहीत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दगडच नाही, म्हणून. हिमयुगात हिमनद्यांनी या सगळ्या सपाट प्रदेशावर वाळू आणि चिकणमाती आणून पसरली. बरोबर आलेले ग्रॅनाइटचे गोटे पायात घालायला ठीक, पण घडवायला खाण कुठे आहे? माती मात्र हवी तेवढी. तेव्हा तिची वीट करून भाजायची, हाच मार्ग होता.

तुम्हाला यातली अवघड गोष्ट लगेच लक्षात येईल. गॉथिक चर्च म्हणजे उंच कमानी, बारीक खांब, वरचा भार बाहेरच्या बाजूला उतरवणारे आधार. हे सगळं फ्रेंच कारागिरांनी दगडात बसवलेलं गणित. ल्युबेकच्या गवंड्यांनी तेच गणित हातभर लांबीच्याही नसलेल्या विटांत सोडवलं. मारीयनकिर्शं, म्हणजे माता मेरीचं चर्च, तेराव्या शतकाच्या मध्यापासून चौदाव्याच्या मध्यापर्यंत बांधत होते. त्याच्या मधल्या दालनाचं विटांचं छत साडेअडतीस मीटर उंच आहे. विटांच्या कमानींचं याहून उंच छत जगात दुसरं नाही. दोन मनोरे सव्वाशे मीटरच्या घरातले. विटेवर छिन्नी चालवून नक्षी करता येत नाही, तेव्हा ओल्या मातीतच साच्याने वेगवेगळे आकार काढून भाजले, काहींवर काळी झिलई दिली आणि थरांच्या रंगांनीच भिंत सजवली. बाल्टिकच्या काठाने पुढे जी मोठमोठी विटांची चर्च उभी राहिली, त्यांतल्या कित्येकांनी नमुना घेतला तो या इमारतीचा.

ती कोणाची, हेही सांगायला हवं. बिशपचं मुख्य चर्च, डोम, शहराच्या दक्षिण टोकाला आहे. ११७३मध्ये ड्यूक हाइन्रिखने त्याची सुरुवात करून दिली. मारीयनकिर्शं होतं नगरमंडळाचं, व्यापाऱ्यांचं. त्यांनी ते शहराच्या सर्वांत उंच जागी, बाजाराच्या आणि नगरभवनाच्या शेजारी बांधलं, आणि बिशपच्या चर्चपेक्षा उंच बांधलं. कोणाची सत्ता चालते हे बंदरात शिरणाऱ्या जहाजाला दुरूनच कळत होतं.

नगरभवनाची दर्शनी भिंत पाहताना वर बघा. छपराच्याही वर चढलेल्या उंच भिंतीत मोठी गोल भोकं आहेत. समुद्रावरचा वारा त्यांतून आरपार जातो आणि भिंतीवरचा दाब कमी होतो. शोभेची भिंत आहे, मागे खोली नाही, तिला वाऱ्यात उभं ठेवायची ही युक्ती. आत न्यायनिवाड्याच्या दालनाला दोन दारं आहेत, एक उंच, एक ठेंगणं. सुटलेला माणूस उंच दारातून ताठ मानेने बाहेर पडायचा. शिक्षा झालेल्याला ठेंगण्या दारातून वाकून जावं लागे.

प्रश्न : बाख हा थोर संगीतकार एका वादकाला ऐकण्यासाठी ल्युबेकला पायी गेला होता, असं माझ्या पियानोच्या शिक्षिका सांगतात. खरं आहे का? (एक विद्यार्थिनी, मुंबई)

उत्तर : खरं आहे. १७०५च्या शरद ऋतूत वीस वर्षांचा योहान सेबास्टियन बाख आर्नश्टाट गावाहून निघाला आणि चारशे किलोमीटरच्या वर चालत ल्युबेकला पोचला. मारीयनकिर्शंमध्ये तेव्हा डीट्रिख बुक्स्टेहुडे ऑर्गन वाजवत असे. चर्चमधल्या नेहमीच्या उपासनेशिवाय तो संध्याकाळच्या संगीतसभा घेई. त्यांचा खर्च व्यापारी उचलत, म्हणजे हेरिंगचा आणि मिठाचा पैसा इथेही आलाच. बाखला रजा होती चार आठवड्यांची. तो परतला नव्या वर्षात, तीनेक महिने उलटून गेल्यावर, आणि वरिष्ठांनी त्याला जाब विचारला.

तुमच्या शिक्षिकांना आणखी एक गोष्ट माहीत असेल. बुक्स्टेहुडे म्हातारा झाला होता आणि त्याची जागा रिकामी होणार होती. पण जो जागा घेईल त्याने बुक्स्टेहुडेच्या मुलीशी लग्न करावं, अशी अपेक्षा होती. बुक्स्टेहुडेनेही आपल्या आधीच्या वादकाच्या मुलीशीच लग्न केलं होतं. १७०३मध्ये तरुण हेंडेल आणि त्याचा मित्र मॅटेसन येऊन गेले आणि अट ऐकून माघारी फिरले. ल्युबेकने बाखला काय शिकवलं हे त्याच्या ऑर्गनच्या रचनांत ऐकू येतं. बुक्स्टेहुडे आणि बाख एकामागून एक लावून ऐका.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची शहरं बेचिराख झाली. मग ल्युबेकमध्ये आज दिसतं ते किती जुनं आणि किती नवं बांधलेलं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : या प्रश्नाला थोडा वेळ द्यावासा वाटतो. २८ मार्च १९४२ची रात्र, दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. ब्रिटिश हवाई दलाची २३४ बाँबफेकी विमानं ल्युबेकवर आली. जुन्या घरांत लाकडी तुळया आणि अरुंद बोळ, त्यामुळे आग लावणाऱ्या बाँबनी काम सोपं केलं. जुन्या शहराचा सुमारे पाचवा भाग गेला. तीनशेहून जास्त माणसं मेली. मारीयनकिर्शं, डोम आणि सेंट पीटरचं चर्च, तिन्ही पेटली. दीड वर्षापूर्वी जर्मन विमानांनी इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री असंच जाळलं होतं. ल्युबेकचाच मुलगा, लेखक थोमास मान, तेव्हा अमेरिकेत निर्वासित होता. त्याच्या आजीआजोबांचं घर या आगीत जळालं. त्या एप्रिलमध्ये बी.बी.सी.वरून जर्मन श्रोत्यांशी बोलताना त्याने आपल्या गावाचं दुःख लपवलं नाही, पण कॉव्हेंट्रीचीही आठवण करून दिली. जन्मगाव जळत असताना हे बोलायला केवढं बळ लागलं असेल!

मारीयनकिर्शंच्या दक्षिण मनोऱ्यात मोठ्या घंटा होत्या. मनोरा पेटला, तुळया जळाल्या आणि घंटा खाली कोसळल्या. पडल्या त्या जागी त्या आजही आहेत. मनोऱ्याच्या तळाशी, फुटलेल्या फरशीत रुतलेले काशाचे मोठाले तुकडे, वळलेल्या कडा, वितळून पुन्हा थिजलेला धातू. बाकी सगळं चर्च दुरुस्त केलं, पण या तुकड्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. जवळच कॉव्हेंट्रीहून आलेला खिळ्यांचा क्रूस आहे. तिथल्या जळालेल्या चर्चच्या छपराचे खिळे वापरून असे क्रूस करायची प्रथा युद्धानंतर सुरू झाली. मला विचाराल तर ल्युबेकमध्ये एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर वेस सोडा आणि हे पाहा.

नवं-जुनं याबद्दल विचारलंत म्हणून त्याच चर्चमधलं एक प्रकरण सांगायलाच हवं. आगीच्या धगीने भिंतींवरचा चुन्याचा थर निघाला आणि खालून मध्ययुगातली भित्तिचित्रं बाहेर आली. खरी, सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची. दुरुस्तीचं काम डीट्रिख फाय याला मिळालं आणि त्याच्या हाताखाली लोथार माल्स्काट नावाचा चित्रकार होता. मुख्य दालनात खरी चित्रं बऱ्यापैकी होती. पण वेदीच्या बाजूला जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं. तिथे परांची बांधून, दारं बंद ठेवून माल्स्काटने स्वतःच 'मध्ययुगीन' संत रंगवले. १९५१मध्ये चर्चच्या सातशेव्या वर्षाचा सोहळा झाला. चॅन्सेलर आडेनाउअर आले, तज्ज्ञांनी तोंड भरून स्तुती केली, टपाल तिकिटं निघाली. माल्स्काटचं नाव कोणीच घेतलं नाही. १९५२मध्ये त्याने जाहीर केलं, ही चित्रं माझी आहेत. लोकांनी विश्वास ठेवला नाही. शेवटी त्याने वकिलामार्फत स्वतःविरुद्ध आणि फायविरुद्ध तक्रार दिली. चौकशी झाली, खरं निघालं आणि १९५५मध्ये दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली. वेदीकडची चित्रं पुसून टाकली. माझ्या मते गुन्हा एकट्या माल्स्काटचा नव्हता. सगळं हरवलेल्या गावाला काहीतरी जुनं, अखंड सापडायला हवं होतं, आणि म्हणून कोणी परांचीवर चढून नीट पाहिलं नाही.

ल्युबेकचा बाकीचा चार पंचमांश भाग वाचला. पुढे १९८७मध्ये युनेस्कोने त्यातल्या मोठ्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

प्रश्न : लेखांमध्ये नेहमी व्यापाऱ्यांचे वाडे आणि चर्च यांचंच वर्णन येतं. पिंपं वाहणारे हमाल, खलाशी, त्यांच्या विधवा हे लोक कुठे राहत? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : असा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. उत्तर ल्युबेकमध्ये अजून उभं आहे, फक्त रस्त्यावरून दिसत नाही.

व्यापाऱ्याचं घर रस्त्याकडे अरुंद आणि मागे खूप खोल असे. पुढे दुकान-कचेरी, वरच्या मजल्यांवर धान्य आणि माल, मागे मोठं परसू. शहर चारी बाजूंनी पाण्याने आणि तटाने बांधलेलं, वाढायला जागा नाही, आणि कामाला माणसं तर हवीत. मग घरमालकांनी परसात एकमेकांना चिकटून बुटकी घरं बांधली आणि मजुरांना भाड्याने दिली. तिथे जायला वाट काढली ती पुढच्या घराच्याच पोटातून. काही वाटा इतक्या ठेंगण्या की डोकं वाकवूनच आत जावं लागतं. रुंदी किती ठेवायची याचं माप मढ्याच्या पेटीवरून ठरे, असं तिथले लोक सांगतात. अशा नव्वदेक गल्ल्या अजून आहेत. पलीकडच्या टोकाला उजेड दिसतो, वाकून आत शिरलं की एका मजल्याची घरं, दाराशी गुलाबाची वेल, सायकल. पूर्वी इथे एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं. आज याच घरांना चांगली मागणी आहे. तिथे माणसं राहतात, तेव्हा खिडकीत डोकावू नये आणि आवाज हळू ठेवावा.

सधन माणसांनी मृत्युपत्रं करून विधवांसाठी अंगणाभोवती घरंही बांधली. योहान फ्युख्टिंग या व्यापाऱ्याच्या पैशातून १६३९मध्ये झालेला फ्युख्टिंग्सहोफ हा त्यांतला सर्वांत देखणा. व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या विधवा तिथे राहत.

आणखी जुनं म्हणजे पवित्र आत्म्याचं रुग्णालय, १२८६मधलं. नाव रुग्णालय, पण आसरा निराधार आणि वृद्धांना. मागच्या लांबच लांब दालनात सुरुवातीला नुसते पलंग ओळीने मांडलेले होते. १८२०मध्ये प्रत्येकाला लाकडी फळ्यांची एकेक खोली दिली, चारेक चौरस मीटरची, वर छत नाही, दारावर क्रमांक. त्या खोल्यांत १९७०पर्यंत म्हातारी माणसं राहत होती. खाट, खुर्ची, कपाट एवढ्यातच आयुष्याची शेवटची वर्षं. पण दार लावून घेता येत होतं, आणि ज्याने आयुष्य दुसऱ्याच्या परसात काढलं त्याला ते दार केवढ्या मोलाचं वाटलं असेल!

प्रश्न : एका गावातून तीन नोबेल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोघे तिथे जन्मले, तिसरे येऊन राहिले. थोमास मान यांचा जन्म १८७५चा. १९०१मध्ये त्यांची 'बुडेनब्रोक्स' ही कादंबरी आली, एका व्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांच्या उताराची. तिच्यात गावाचं नाव एकदाही येत नाही, पण ल्युबेककरांनी स्वतःला ओळखलं आणि पुष्कळजण दुखावले. १९२९च्या नोबेलमध्ये मोठा वाटा याच पुस्तकाचा. मेंगश्ट्रासं रस्त्यावरच्या त्यांच्या आजीआजोबांच्या चार क्रमांकाच्या घराची पांढरी दर्शनी भिंत तेवढी १९४२च्या आगीतून वाचली. विली ब्रांट यांचा जन्म १९१३मध्ये कामगारवस्तीत झाला. १९३३मध्ये ते मासेमारी बोटीत लपून डेन्मार्कला निसटले, पुढे चॅन्सेलर झाले आणि १९७१मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. लेखक ग्युंटर ग्रास मूळचे डान्झिगचे, पण पुढे ल्युबेकजवळ स्थायिक झाले. १९८६-८७मध्ये ते काही महिने कोलकात्यात राहिले होते आणि त्या दिवसांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. १९९९चं नोबेल त्यांना मिळालं. ग्रास आणि ब्रांट यांची संग्रहालयं एकमेकांना जवळजवळ पाठीला पाठ लावून आहेत.

प्रश्न : भाचा डिसेंबरमध्ये हॅम्बुर्गहून एका दिवसासाठी ल्युबेकला जाणार आहे. काय पाहावं, काय आणायला सांगावं? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : हॅम्बुर्गहून रेल्वेने पाऊण तास लागतो. स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की होल्स्टनटोर. मिठाची कोठारं, मग पूल ओलांडून सेंट पीटरचा मनोरा. त्याला लिफ्ट आहे आणि पन्नास मीटरवरून सगळं जुनं शहर, पाच चर्चचे सात मनोरे आणि चहूकडचं पाणी एका नजरेत येतं. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो, म्हणून वर आधी जावं. त्यानंतर नगरभवन, मारीयनकिर्शं, आणि उजेड असेपर्यंत ग्लोकनगीसरश्ट्रासंच्या बाजूच्या गल्ल्या. संध्याकाळी पवित्र आत्म्याच्या रुग्णालयात नाताळचा बाजार भरतो.

आणायला सांगा मार्झिपान. मडगावात नाताळला काजूचं मार्झिपान घरोघरी होतं, पोर्तुगीजांबरोबर आलेलं. ल्युबेकचं बदामाचं, त्यात साखर कमी आणि कडवट बदामाचा हलका वास. 'ल्युबेकचं मार्झिपान' या नावाला युरोपात भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे. १८०६पासूनचं नीडरएगर हे दुकान नगरभवनाच्या अगदी समोर आहे. वरच्या मजल्यावर छोटं संग्रहालय, खाली फळं, भाज्या, प्राणी, आणि अर्थात होल्स्टनटोर, सगळं मार्झिपानचं. चॉकलेटचा लेप असलेली साधी वडी घ्यायला सांगा. ती प्रवासात टिकते आणि बदामाची चवही तीतच नीट कळते.